पंचविशी, चाळिशी आणि साठी एकाच घरात – पैशाचं आधी काय बघायचं?

उंबरठा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

आमच्या घरात सध्या तीन वयांचे पैशाचे प्रश्न एकदम उभे राहिलेत. धाकटा दीर २५ चा, नुकताच नोकरीला लागलाय, आणि ऑफिसातलं कुणीतरी "टॅक्स वाचतो" म्हणून वर्षाला ५० हजार हप्त्याची वीस वर्षांची विमा पॉलिसी त्याच्या गळ्यात मारायच्या बेतात आहे. आम्ही दोघं चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, दोघंही नोकरी करतो, ५० लाखांचं गृहकर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलंय, त्यातली पाच वर्षं संपत आलीत. मुलगी साडेनऊ वर्षांची. नवऱ्याला बोनस आणि थकबाकी मिळून तीनेक लाख येतायत आणि त्यावरून रोज जेवताना वाद, तो म्हणतो कर्जात भरून मोकळं होऊ, मी म्हणते एसआयपी, म्हणजे दरमहा म्युच्युअल फंडात जाणारी रक्कम, वाढवू. सासरे ६७, सासूबाई गेल्यापासून त्यांनी कागदपत्रांकडे बघणंच सोडलंय. सगळी पुंजी एकाच सहकारी बँकेत एफडीत, का तर मॅनेजर ओळखीचे. परवा सहज पावत्या बघितल्या तर नॉमिनी म्हणून अजून सासूबाईंचंच नाव.

व्हिडिओ बघावेत तर जो तो ५०-३०-२० सांगतो (पगाराचे ५० टक्के गरजांना, ३० हौसेला, २० बचतीला), हप्ता आणि शाळेची फी गेल्यावर ते आमच्या घराला कुठे बसतं देव जाणे. तर विचारायचं हे की कुठल्या वयात काय आधी? आणि घरातल्या मोठ्या माणसांशी हा विषय तुम्ही कसा काढलात?

हिशेबनीस

बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी एकच. मुलगी साडेनऊची आहे म्हणताय, मग सुकन्या समृद्धीचं खातं काढायचं असेल तर दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत काढा, नंतर दार बंद. अडीचशे रुपयांत खातं उघडतं, वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात, व्याज सध्या ८.२ टक्के. पोस्टात किंवा बँकेत, जन्मदाखला लागतो.

पण एक मेख आहे, ती कुणी सांगत नाही. भरणा १५ वर्षं आणि मुदत खातं उघडल्यापासून २१ वर्षं. म्हणजे तुमच्या केसमध्ये खातं पिकेल तेव्हा मुलगी तिशी ओलांडलेली असेल. अठराव्या वर्षी शिक्षणासाठी काढायचे तर आदल्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिल्लकीच्या निम्मेच, आणि तोवर तुमचा भरणा आठ-नऊ वर्षांचाच झालेला असणार. त्यामुळे खातं जरूर काढा पण कॉलेजच्या फीसाठी सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. जिच्या आईबापांनी जन्मल्या जन्मल्या खातं काढलं तिच्यासाठी हीच योजना एकदम वेगळी वागते.

आता क्रम. माझ्या मते वय कुठलंही असो क्रम एकच, फक्त रकमा बदलतात. सहा महिन्यांचा खर्च हाताशी, मग मेडिक्लेम, मग टर्म इन्शुरन्स (माणूस गेला तरच पैसे देणारा निव्वळ विमा), मग महागडी कर्जं, मग गुंतवणूक. लोक उलट्या टोकाने सुरू करतात, पहिला प्रश्न "कुठला फंड घेऊ".

पावशतक

मी पण २५, दिराच्याच बोटीत :) आम्हाला पण एचआरने जानेवारीत "प्रूफ द्या" म्हणून मेल टाकला की सगळे धावत सुटतात. पण नवी करप्रणाली आता डिफॉल्ट आहे ना, त्यात ८०सी (विम्याच्या हप्त्यावर वगैरे मिळणारी वजावट) मिळतच नाही, मग टॅक्ससाठी पॉलिसी घेऊन वाचणार काय?

कोरडी_नोंद

@पावशतक अगदी बरोबर. नव्या प्रणालीत ८०सी नाही, आणि २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य होतो, नोकरदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरली तर पावणेतेरा लाखांपर्यंत. नुकत्याच लागलेल्या मुलाचा पगार बहुतेक याच्या आतच असणार. म्हणजे ज्या करासाठी पॉलिसी घ्यायची तो कर मुळात लागतच नाही. विकणाऱ्याला हे माहीत नसतं असं नाही.

आता त्या पॉलिसीचा हिशोब मांडून दाखवतो, कारण "बोनस", "लॉयल्टी" असले शब्द ऐकून माणूस गांगरतो. समजा ५० हजार वर्षाला, वीस वर्षं, आणि शेवटी १८ लाख हातात. ऐकायला काय वाटतं, दहा भरले अठरा आले, जवळपास दुप्पट! पण पहिला हप्ता वीस वर्षं अडकलेला असतो, दुसरा एकोणीस, असं करत गेलात तर परतावा निघतो वर्षाला साधारण ५.३ टक्के. तेच ५० हजार दर एप्रिलच्या सुरुवातीला पीपीएफमध्ये (सरकारी भविष्य निर्वाह निधी) टाकले आणि व्याज आत्ताचं ७.१ टक्केच धरलं तर वीस वर्षांनी २२ लाखांच्या थोडं वर. (पंधरा वर्षांनी पाच वर्षांची मुदतवाढ घ्यावी लागेल, पैसे भरत राहायचे असतील तर वर्षाच्या आत अर्ज द्यायचा, नाहीतर नुसतं व्याज चालू राहतं, भरणा घेत नाहीत.) एक्सेलमध्ये आयआरआर नावाचं, परताव्याचा टक्का काढणारं फंक्शन आहे, दिराला म्हणावं एजंटचा कागद समोर ठेव आणि स्वतः टाकून बघ.

आणि सही करून बसला असेल तरी घाबरू नका, पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

सरळमार्गी

मी थोडं वेगळं बोलणार आहे, शिव्या घाला हवं तर. माझ्याकडे आज जे काही आहे ते त्या 'भंगार' पॉलिसींमुळेच आहे. पीपीएफमध्ये पाचशे भरले तरी चालतात म्हणून मी पाचशेच भरायचो, एसआयपी मार्केट पडलं की बंद करायचो. पॉलिसीचा हप्ता चुकला तर नुकसान म्हणून तो मात्र कधी चुकवला नाही. टक्का-दीड टक्का कमी मिळाला असेल पण रक्कम उभी राहिली. तुमची एक्सेल शीट माणसाचा स्वभाव धरत नाही.

कोरडी_नोंद

@सरळमार्गी मुद्दा मान्य, शिव्या नाहीत :) पण २५ व्या वर्षीच आपला स्वभाव असा आहे असं ठरवून का टाकायचं? पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी बँकेतून आपोआप कापून जाईल असं करता येतं आता. आणि विमा म्हणून बघितलं तर त्या पॉलिसीत कव्हर किती, दहा-बारा लाख? घरात कमावता माणूस गेला तर तेवढ्यावर किती वर्षं निघणार.

हिशेबनीस

दिराला आज टर्म प्लॅनची पण गरज नाही असं मी म्हणेन. त्याच्यावर कोण अवलंबून आहे? लग्न नाही, कर्ज नाही. आधी ईपीएफ (पगारातून कापला जाणारा भविष्य निर्वाह निधी) नीट समजून घेऊ दे. बेसिकच्या १२ टक्के त्याचे, १२ टक्के कंपनीचे, पण कंपनीच्या वाट्यातला एक भाग पेन्शन योजनेत जातो म्हणून पासबुकात दोन आकडे वेगळे दिसतात, त्यात कुणी काही खाल्लेलं नसतं. नोकरी बदलली की पैसे काढायचे नाहीत, ट्रान्सफर करायचे. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढले तर करपात्र होतात. हा मोह त्या वयात फार असतो, नोकरी बदलली की नवी बाइक.

पावशतक

पण टर्मचा प्रीमियम वय कमी असताना कमी बसतो आणि तोच शेवटपर्यंत राहतो ना? मग आत्ताच का नको?

हिशेबनीस

घे की, नको कोण म्हणतंय. तब्येत चांगली असताना मिळतो हाही मुद्दा आहे. माझं म्हणणं एवढंच की हातात सहा महिन्यांचा खर्च नसताना त्याच्या मागे लागू नये. तीस वर्षं हप्ता भरायचाय, तिसऱ्याच वर्षी नोकरी गेली नि हप्ता तुटला तर काय उपयोग.

भरतीओहोटी

गृहकर्जावर कुणी बोलत नाहीये म्हणून मी बोलते. उंबरठा, तुमचेच आकडे घेऊन हिशोब केला. ५० लाख, साडेआठ, वीस वर्षं म्हणजे हप्ता सुमारे ४३,३९१. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले ३५,४१७ व्याजात गेले आणि मुद्दल कमी झालं अवघं आठ हजारांच्या आत. पाच वर्षांत तुम्ही २६ लाख भरलेत आणि मुद्दल अजून सुमारे ४४ लाख शिल्लक आहे. स्टेटमेंट काढून ताळा करून बघा. आमच्याकडे हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा नवरा दोन दिवस बोलला नव्हता.

आता ३ लाख भरायचेच असतील तर बँक विचारेल की हप्ता कमी करायचा की मुदत. इथे खरी गंमत आहे. हप्ता तोच ठेवून मुदत कमी केलीत तर १८० महिने उरलेत त्याचे साधारण १५७ होतात, म्हणजे पावणेसात लाखांच्या वर व्याज वाचतं. तेच हप्ता कमी करून घेतलात तर महिन्याला तीनेक हजारांचा दिलासा, आणि एकूण वाचणारं व्याज सव्वादोन-अडीच लाखांच्या घरात. रक्कम तीच, फॉर्मवरची टिक वेगळी. काही ठिकाणी तुम्ही काही सांगितलं नाहीत तर आपल्या मनाने एक पर्याय लावून टाकतात, म्हणून लेखी द्या आणि पोच घ्या. बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज असेल तर आधी फेडल्याबद्दल दंड घेता येत नाही, रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बंद केलाय, कुणी मागितला तर देऊ नका.

कोरडी_नोंद

थोडा कीस काढतो. हप्ता कमी केल्यावर सुटणारे तीन हजार कुणी दरमहा गुंतवले तर फरक एवढा राहत नाही. तुलना करताना ते धरायला हवं.

भरतीओहोटी

धरा की. पण कोण गुंतवतं सुटलेले तीन हजार? ते किराण्यात कधी विरघळतात कळत पण नाही. वर सरळमार्गींनी तेच सांगितलंय.

सरळमार्गी

+१. धाग्यावर एक तरी मत मिळालं.

अर्धाकप

नवऱ्याचं की तुमचं बरोबर यावर माझे दोन पैसे. साडेआठ टक्के कर्ज फेडणं म्हणजे साडेआठ टक्के खात्रीचा परतावा, करमुक्त. म्युच्युअल फंडात जास्त मिळेलही, पण "मिळेलही". दोघांचीही नोकरी पक्की, हाताशी सहा महिन्यांचं आहे, पुढची दहा वर्षं पैशाला हात लावायचा नाही, तर तुमचं बरोबर. यातलं एक जरी डळमळीत असेल तर नवऱ्याचं. आणि खरं सांगू का, ३ लाख असे आहेत की निम्मे-निम्मे केले तर घरात शांतता, तिचीही काही किंमत असते.

मी विचारणार होतो की दोघांच्या नावावर टर्म आहे का? कर्ज दोघांच्या नावावर असेल तर दोघांचाही हवा. "तिचा पगार तर कमी आहे" म्हणून फक्त नवऱ्याचा काढतात. तिचा पगार गेला तर हप्त्याचा तेवढा भाग कोण भरणार, आणि मुलीचं, सासऱ्यांचं ती जे बघते त्याला माणूस ठेवायला लागला तर?

उंबरठा

बापरे केवढे प्रतिसाद. @भरतीओहोटी, स्टेटमेंट काढलं. मुद्दल ४४ लाखांच्या आसपासच आहे, तुमचा आकडा जवळजवळ तंतोतंत. @अर्धाकप, टर्म फक्त नवऱ्याचा आहे, एक कोटीचा. माझा कधी विषयच निघाला नाही, आज काढते.

सासऱ्यांचं कसं करू सांगा ना. आणि ते म्हणतायत नातीचं सुकन्या खातं मीच उघडतो माझ्या सहीने.

हिशेबनीस

आजोबांना नाही उघडता येणार. आई-वडील किंवा कायदेशीर पालकच. आधी काही आजी-आजोबांनी उघडलेली खाती होती ती पालकांच्या नावे करून घ्यायचे आदेश २०२४ मध्ये निघालेत. आजोबांनी पैसे द्यावेत की, कोण अडवतंय, सही मात्र तुमची किंवा नवऱ्याची.

जुनाजाणता

सासऱ्यांच्याच वयोगटातला असल्याने मी बोललेलं बरं.

पहिलं म्हणजे एकाच बँकेत सगळं नको. ठेव विमा महामंडळाचं संरक्षण एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज धरून. ४ फेब्रुवारी २०२० पर्यंत तर ते एक लाखच होतं. त्याच बँकेच्या चार शाखांत चार पावत्या केल्या तरी सगळ्या मिळून पाचच लाख, हा गैरसमज माझ्या बरोबरीच्या कित्येकांचा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यायची तरतूद झाली, पण पाचाच्या वरच्याचं काय होतं ते विचारू नका. मॅनेजर ओळखीचे आहेत हे खरं असेल, पण मॅनेजरची बदली होते आणि निर्बंध आले तर त्यांच्याच हातात काही राहत नाही.

दुसरं, साठीच्या पुढच्यांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, मर्यादा २०२३ पासून ३० लाख, सध्या ८.२ टक्के, व्याज दर तिमाहीला खात्यात. पाच वर्षांची मुदत. व्याज करपात्र आहे हे लक्षात असू द्या. पेन्शन नसलेल्याला तिमाहीला येणारी ती रक्कम म्हणजे आधार असतो, मुलाकडे हात पसरायला नको.

आणि तिसरं, जे कुणी विचारलं नाही. घर मुलाच्या नावावर करायची घाई त्यांनी करू नये. मृत्युपत्र करावं. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये म्हणजे पुढे बोट दाखवायला जागा राहत नाही. मृत्युपत्र हवं तेव्हा बदलता येतं, बक्षीसपत्र मागे घेणं महाकठीण. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सांभाळ केला नाही तर दिलेलं परत मिळायची वाट आहे, पण ती सांभाळण्याच्या अटीवर दिलेल्याला, आणि न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढून. त्या वयात कशाला ती वेळ.

उंबरठाताई, तुम्ही सून आहात म्हणून स्पष्ट बोललो, राग मानू नका.

उंबरठा

राग कसला काका, उलट हे तुम्ही सांगितलंत ते बरं झालं, मी बोलले असते तर वेगळाच अर्थ निघाला असता. घरात बोलणं मुलानेच काढावं हे कळलं.

पाणपोई

विषय काढायचा कसा यावर सांगते. "तुमच्यानंतर काय" असं कधीच सुरू करू नका. माझ्या भावाने बाबांना स्वतःचीच फाइल दाखवली, म्हणजे त्याची पॉलिसी, त्याचं नॉमिनेशन, "मला काही झालं तर हे असं आहे, तुम्हाला माहीत असू द्या" म्हणून. दुसऱ्या दिवशी बाबांनी आपणहून कपाट उघडलं. त्यात निघालेल्या दोन पावत्या आईलाही माहीत नव्हत्या.

आणि फाइलीबरोबर मोबाइलचं बघा हो. माझ्या मावसबहिणीचा नवरा अचानक गेला. सगळं व्यवस्थित ठेवणारा माणूस, पण सगळं त्याच्या फोनवर. बँक, म्युच्युअल फंड, वीजबिल, मेडिक्लेमचा लॉगिन, सगळ्याचा ओटीपी त्याच्या नंबरवर. फोनला पॅटर्न, तो कुणाला ठाऊक नाही. त्या गडबडीत रिचार्ज संपला आणि पुढे सिम बंद पडलं. बँकेत जाऊन दावा करणं झालंच सावकाश, पण मुळात पैसे कुठे कुठे आहेत हेच कळायला तिला ईमेलचे आणि जुने बँक स्टेटमेंटचे कागद उलटत बसावं लागलं. कुठल्या तारखेला कुठे काय कापलं जातंय त्यावरून एकेक धागा काढला तिने. म्हणून सांगते, पासवर्ड नका लिहू, पण कुठे काय आहे एवढी एका पानाची यादी हवी. आणि घरात कुणी गेलं तर पहिले काही महिने त्या नंबरचा रिचार्ज चालू ठेवा.

अर्धाकप

हे वाचून उठून आधी बायकोला फोनचा पॅटर्न सांगून आलो.

बँकेत पडून राहिलेल्या जुन्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल आहे, २०२३ मध्ये सुरू झालं. दहा वर्षं कुणी हात न लावलेले पैसे वेगळ्या निधीत जातात पण हक्क जात नाही, वारस बँकेतून मागू शकतात. म्हाताऱ्या मंडळींच्या नावाने एकदा शोधून बघा.

कोरडी_नोंद

वाखूसा (वाचनखूण साठवली), फार कामाचं.

नॉमिनीवर एक गोष्ट स्पष्ट करायला हवी कारण वर सगळे "नॉमिनी लावा" म्हणून थांबले. बँकेतला नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक होतोच असं नाही. मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांचा हक्क जास्त भक्कम आहे, पण त्यावरूनही भांडणं कोर्टात गेलेलीच आहेत.

मृत्युपत्र नसेल तर काय होतं याचा लोकांना पत्ता नसतो. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलं आणि त्याची आई, सगळ्यांना सारखा वाटा. वडील त्या पहिल्या वर्गात नाहीत. "सगळं बायकोलाच जाणार ना" असं धरून बसलेले कितीतरी नवरे आहेत.

पावशतक

मग माझ्या ईपीएफला मी नोकरी लागली तेव्हा भावाचं नाव दिलंय, ते चालेल ना?

हिशेबनीस

आई-वडील तुझ्यावर अवलंबून नसतील तर लग्न होईपर्यंत चालेल. ईपीएफच्या व्याख्येत भाऊ 'कुटुंबात' येत नाही, लग्न झालं की ते नॉमिनेशन आपोआप बाद. ऑनलाइन ई-नॉमिनेशन नव्याने भरायचं. हे लग्नाच्या खरेदीच्या यादीत कुणाच्याच नसतं.

मधलीवाट

मेडिक्लेम राहिला. सासऱ्यांचा आहे का, की नवऱ्याच्या कंपनीच्याच पॉलिसीत आहेत? कंपनीचा असेल तर नोकरी सुटली की कव्हर गेलं. आमच्याकडे कर्जाच्या आणि फीच्या ऐन भरात ले-ऑफ झाला, त्यानंतर मी वेगळा वैयक्तिक काढला. आता आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षा काळ (तोवर त्या आजाराचा खर्च मिळत नाही) जास्तीत जास्त तीन वर्षं, २०२४ च्या आधी चार होता, आणि वयाची वरची अटही काढलीय. पण म्हणून कंपन्या आनंदाने देतात असं नाही, ६७ ला प्रीमियम ऐकून बसायला खुर्ची लागते. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झालाय तेवढाच दिलासा.

घेताना खोलीभाड्याची मर्यादा बघा, बाकी कलमं एक वेळ नाही वाचलीत तरी चालेल. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर नुसता खोलीचा फरक नाही, डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्च असं बरंच काही त्याच प्रमाणात कापलं जाऊ शकतं. डिस्चार्जच्या दिवशी हे कळतं तेव्हा हातात बिल आणि बाहेर रिक्षा उभी असते.

सत्तर पूर्ण झाल्यावर आयुष्मान भारतचं ५ लाखांचं कव्हर आहे, उत्पन्नाची अट नाही. ऑक्टोबर २०२४ पासून. सासऱ्यांना अजून तीन वर्षं आहेत, तोवरचा बंदोबस्त करा.

स्वतःचाधंदा

धंदेवाल्यांचं कुणी लिहीत नाही. आमच्याकडे पगार नाही, ईपीएफ नाही, वर हातउसनं आणि बँकेचं कर्ज कायम. टर्म घेताना विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घ्या, फॉर्मवर तो पर्याय असतो. विम्याची रक्कम बायको-मुलांचीच राहते, ज्यांचं आपण देणं लागतो ते त्यावर टाच आणू शकत नाहीत. पण पॉलिसी घेतानाच ठरवावं लागतं, नंतर जमत नाही. एजंट लोक आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.

सहा महिन्यांचा खर्च वगैरे आमच्यासाठी कमी आहे, वर्षाचा धरा. गिऱ्हाईक पैसे थकवतं तेव्हा सगळी गिऱ्हाइकं मिळून थकवतात.

रिकामीपेटी

सोन्यावर एकही प्रतिसाद नाही, हा मराठी धागा आहे ना नक्की? :D

भरतीओहोटी

सरकारी सुवर्णरोख्यांची नवी विक्री फेब्रुवारी २०२४ नंतर झालेलीच नाही. बाकी दागिन्यांना गुंतवणूक म्हणायचं असेल तर घडणावळ धरून हिशोब मांडा आणि मग बोला. वेगळा धागा काढा, हा नका पळवू.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. आत्तापर्यंत काय झालं ते सांगते. सुकन्या खातं उघडलं, आजोबांनी पहिली रक्कम दिली, सही माझी. दिराने आयआरआर काढून बघितलं आणि पॉलिसीला नाही म्हणाला, ऑफिसातले ते गृहस्थ आता त्याच्याशी चहाला येत नाहीत. माझ्या टर्मसाठी अर्ज केलाय, मेडिकल व्हायचंय. ३ लाखांवरून अजून एकमत नाही, नवरा हा धागा वाचतोय आणि फक्त भरतीओहोटींचे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवतोय. वाचू दे. मी म्हटलं आधी सहा महिन्यांचा खर्च बघू, तर आमच्याकडे जेमतेम अडीच महिन्यांचा निघाला, त्यामुळे बहुतेक त्या तीनातले दीड लाख तिकडेच जाणार आणि उरलेल्यावर भांडू.

सासऱ्यांशी नवरा बोलला. बँक सोडायला तयार नाहीत, पण पिकणाऱ्या पावत्या एकेक करून ज्येष्ठ नागरिक योजनेत न्यायला हो म्हणालेत. नॉमिनी बदलायचंय, तर त्यांचं म्हणणं दोन्ही मुलांची नावं हवीत, नाहीतर धाकट्याला वाटेल की मला डावललं. बँकेत एकापेक्षा जास्त नावं चालतात का आता?

कोरडी_नोंद

चालतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला आणि ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी देता येतात. एकदम सगळ्यांना द्यायचं असेल तर प्रत्येकाचा टक्का लिहायचा, बेरीज शंभर झाली पाहिजे. किंवा एकामागून एक, म्हणजे पहिला हयात नसेल तर दुसरा. दोघा मुलांना ५०-५० लिहून टाका.

पाणपोई

लॉकर आहे का सासूबाईंच्या नावाचा? तिथे टक्केवारी चालत नाही बरं का, फक्त एकामागून एक.